दोन पाण्यांनी धुतलेली लाकडं

१७ नोव्हेंबर १९५६, शनिवार. मांडीवर सूप घेऊन मी तुरीची डाळ निवडत बसले होते. डाळीत कोंडा फार होता आणि दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या देऊन झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी वकील मंडळींचं जेवण होतं. आमचा मुलूख त्याच महिन्यात मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. इथल्या कचेरीचे साहेब जबलपूरकडचे, ते आपल्या राज्यात परत चालले होते. त्यांचा निरोप आणि नव्या साहेबांचं स्वागत एकाच पंगतीत उरकायचं ठरलं होतं.

वाशीमच्या कचेरीच्या आवारात माझी खानावळ होती. वर पत्रे, बाजूंना तट्टे. नवरा गेला तेव्हा त्यानं मागं ठेवलेलं एवढंच. जागा सरकारी. वकिलांनी शिफारस करायची, साहेबांनी हो म्हणायचं, मग वर्षभर चूल पेटवायची मुभा. नवे साहेब आले म्हणजे मुभा नव्यानं मागायची. वकिलांच्या पुढाऱ्यानं मला स्पष्ट सांगितलं होतं, "काकू, रविवारचं जेवण चोख झालं पाहिजे. तुमची जागा त्याच्यावर आहे."

हे वकीलसाहेब रोज माझ्याकडे जेवत आणि जेवता जेवता भाषण करत. बाहेरगावचा पक्षकार आला की त्याला माझा स्वयंपाक दाखवायला घेऊन येत, जत्रेतला पाळणा दाखवावा तसे. "बघा, आत मारवाडी महाराज, पुढं मुसलमान चाचा, भाकरीला आपली रिठदची बाई. काकूंची खानावळ म्हणजे लहानसा भारत!" पक्षकार माना हलवत. मला त्या भाषणाचा संताप येई. लहानशा भारतात रोज सकाळी कोण कुणाच्या घागरीला शिवलं यावरून जी भांडणं होत, ती सोडवायला वकीलसाहेब कधी आले नाहीत. ते जेवायच्या वेळी येत, तेव्हा सगळं गोड झालेलं असे.

ते गोड कसं होई ते सांगते. महाराज जोधपूरकडचा ब्राह्मण. आतल्या चुलीभोवती तो रोज राखेची रेघ ओढायचा. ती रेघ कुणी ओलांडायची नाही, मीसुद्धा नाही. ओलांडली तर शिजलेलं सगळं तो गाईला घालणार. चाचा हिंगोलीकडचा. तो पुढं चहा आणि भजी करायचा, त्याचं पाणी वेगळं. भाकरीवाली रिठदच्या माळ्यांची, विधवा. दीर स्टेशनच्या रस्त्याला वांगी-कोबी लावायचा, त्याच्याकडे राहायची. महाराज तिच्या हातची भाकरी खात नसे. ती चाचाचा चहा प्यायची, पण कपातून नाही. स्वतःचा लोटा पुढं करायची आणि वर म्हणायची, "चहाले कायची जात? जात कपाले असते." मी प्रत्येकाला वेगळी पातेली, वेगळी घागर, वेगळा कोपरा दिला होता. वाढणीला मात्र एकच घंटा. घंटा वाजली की वाद बंद. माझा कारभार एवढाच होता आणि तो चालत होता.

चौथं माणूस अंगणात, एक बाई. ती लाकडं फोडायची आणि आवार झाडायची. वकीलसाहेबांच्या लहानशा भारतात तिचं नाव कधी आलं नाही, कारण ती मागच्या दारानं यायची आणि मागच्या दारानं जायची. बाभळीची गाठ दोन घावांत उलगडणारं दुसरं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. तिला मजुरी, आणि वर पंगत उठल्यावर उरलेलं अन्न. ते मी तिच्या डेचकीत वरून टाकायची. तिच्यासाठी आणि तिच्या वस्तीतल्या लोकांसाठी एक कप पुढच्या खांबाला खिळ्यावर टांगलेला असे. कायद्यानं तशा कपाला बंदी होती. कायद्याचे लोक त्याच खांबाला टेकून चहा पीत.

महाराजाची आणखी एक रीत होती. तिच्या हातचं लाकूड तो धुतल्याशिवाय चुलीत घालत नसे. धुवायचा, पत्र्यावर वाळत घालायचा, मग वापरायचा. हसू येईल, पण मी हसत नव्हते, कारण महाराजाच्या पुऱ्यांवर माझं गिऱ्हाईक होतं. दोन दिवस आधी धुतलेलं लाकूड वाळून खडखडीत होई. चालत होतं.

दसऱ्याला ती बाई नागपूरला जाऊन आली. तिची सगळी वस्तीच गेली होती. दीक्षा घेऊन आली. आल्यावर काही दिवस ती गप्प काम करत होती. त्या शनिवारी मी डाळीचं सूप बाजूला ठेवलं आणि नेहमीसारखी उरलेल्या भाताची परात घेऊन मागच्या दाराशी गेले. तिनं डेचकी आणलीच नव्हती.

"डेचकी कुठं?"

"काकू, उरलेलं नाई नेत मी आता."

"काहून?"

"नाई नेत. आमच्यात ठरलं हाये. पोरायले सांगतलं, उष्टं खायाचं नाई, अन् मीच डेचकी भरून नेऊ?"

"मग काय पैसे वाढवू?"

"पैशाचं नाई बोलून राह्यली मी. सगळे इथं जेवतात. चाचा बाकावर बसून जेवते. मले बी ताट द्या. बाकावर."

मला राग आला. तिच्या मागणीचा नाही, वेळेचा. उद्या चाळीसेक माणसं जेवायची होती, जागेचा प्रश्न होता, आणि ही बाई आज उभी राहते! मी म्हटलं, "उद्याचं उरकू दे. सोमवारी बोलू."

"बोला सोमवारी," ती म्हणाली. "लाकडं बी सोमवारी फोडतो मंग." कुऱ्हाड तिनं भिंतीला टेकवली आणि निघून गेली.

आत भाकरीवालीनं सगळं ऐकलं होतं. "आता हे बाकावर बसन? मंग मी कुठी बसू व माय? महाराजाच्या मांडीवर?"

पुढून चाचा ओरडला, "अपन को क्या बाई, बैठो बोलो उनको! पर गाहक उठ के गए तो मेरे कू नक्को बोलना."

म्हणजे बाक सगळ्यांचा, पण गिऱ्हाईक त्याचं. प्रत्येकाच्या खाली कुणीतरी हवंच होतं. महाराजाला भाकरीवाली, भाकरीवालीला चाचाचा कप, आणि तिघांना मिळून ती लाकूड फोडणारी. उद्यापुरती लाकडं फोडलेली होती, धुतलेली होती, वाळलेली होती. बाकीचं सोमवारी.

रविवारी उजाडता उजाडता मी आले तर अंगणात पाण्याचा लोंढा. महाराज धोतर खोचून उभा. सगळी वाळलेली थप्पी त्यानं घागरी ओतून पुन्हा धुतली होती. लाकडांतून पाणी ठिबकत होतं.

"हे काय केलं?"

"बाईसा, काल सुण्यो, वा अब हिंदू कोनी रही. धरम बदल लियो."

"अरे, हिंदू होती तेव्हाही तू धुतच होतास ना?"

"हां बाईसा," तो अगदी शांतपणे म्हणाला. "तब एक पाणी. अब दो."

माझ्या तोंडात आलेला शब्द मी गिळला. त्याला काय सांगणार? तो चोरी करत नव्हता, आळस करत नव्हता. पहाटे उठून, थंडीत अंघोळ करून, चाळीस माणसांची लाकडं त्यानं मन लावून ओली केली होती. चुकीच्या कामात एवढी मेहनत घेणारा माणूस आळशी माणसापेक्षा महाग पडतो. आळशाला निदान उठवून कामाला लावता येतं.

चूल पेटेना. पेटली तर जळेना. धुरानं खानावळ भरली. महाराजानं रॉकेल ओतलं. भडका उडाला, विझला, आणि डाळीला रॉकेलचा वास लागला. डाळ ओतून दिली. चाचाची शेगडी कोळशाची. तिच्यावर आम्ही दुसरी डाळ चढवली, पण शेगडी चहाच्या किटलीपुरती, ती पंगतीची डाळ कधी शिजवणार? बाजार बंद, वखार बंद. पुरीच्या कढईतलं तेल कोमट होऊन बसलं होतं. श्रीखंड आदल्या रात्रीचं तयार होतं, तेवढंच.

वकीलसाहेब नवं उपरणं घालून पाहणीला आले आणि दारातच खोकत उभे राहिले. "काकू, हे काय? होळी आहे का?"

"लाकडं ओली आहेत."

"ओली कशी? पाऊस कुठं आहे?"

"तुमच्या लहानशा भारतात पडला," मी म्हटलं. त्यांना ते कळलं नाही, आणि समजावून सांगायला मला वेळ नव्हता.

मागच्या बाजूला बाभळीचा एक जुना बुंधा पडलेला होता. वर्षभर उन्हात वाळलेला, आत लोखंडासारखा. आम्ही त्याच्यावर बसायचो. तो फुटला तर दोन चुली पेटल्या असत्या. चाचानं कुऱ्हाड घेऊन चार घाव घातले. कुऱ्हाड उडून त्याच्या पायाजवळ पडली. "या अल्ला, ये लकडी है के पत्थर?" म्हणून तो मागं सरला.

मी स्वतः वस्तीत गेले. दारात उभी राहिले. आत जायला वेळ नव्हता आणि तिनं बोलावलंही नाही. ती तांदूळ निवडत होती.

"बुंधा फोडायचा आहे. चल."

"सोमवारी न काकू."

"आज. आणि ताट आजच. बाकावर."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "पाहा बरं. मंग मांगच्या दारात नोका बसवजा."

"बाकावर म्हटलं ना! चल आता, डाळ कच्ची आहे."

ती उठली. आल्या आल्या तिनं कुऱ्हाड उचलली, दांड्याची पाचर ठोकून घट्ट केली आणि बुंध्याची गाठ सोडून कडेकडेनं घाव घालायला सुरुवात केली. ढलप्या उडायला लागल्या. मी पदर खोचून त्या गोळा करायला लागले.

ढलप्या घेऊन मी आत आले तर महाराज रेघेवर आडवा उभा. "बिना धोये नहीं, बाईसा."

"धुवून काय झालं ते पाहिलंस ना?"

"धरम है."

"तुझा धर्म असेल. चूल माझी आहे."

मी रेघ ओलांडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती राख होती, पायाला लागली, एवढंच. ओली लाकडं मी बाहेर ओढली, ढलप्या घातल्या, फुंकलं. आग लागली. महाराजानं झारा खाली ठेवला, स्वतःची लोटी आणि पंचा घेतला, मला हात जोडले आणि पुढच्या दारानं निघून गेला. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. चांगला आचारी होता. त्याच्या पुऱ्या मला पुन्हा कधी जमल्या नाहीत, आणि त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

भाकरीवाली कंबरेवर हात ठेवून पाहत होती. "आता पुरी कोण लाटन?"

"कुणी नाही. भाकरी टाक. ज्वारीचं पीठ आहे ना?"

"साहेबायले भाकरी? श्रीखंडासंगं?"

"श्रीखंडासंगं. वांगी चिर, ठेचा वाट. आणि ढलप्या लागल्या तर मागून घेऊन ये, तिच्या हातातून. मला आज कुणाचं एक पाणी, दोन पाणी ऐकायचं नाही."

ती पुटपुटली, पण गेली. ढलप्या हातातून घेतल्या नाहीत, जमिनीवर ठेवायला लावून मग उचलल्या. मी पाहिलं आणि सोडून दिलं. आग तर पेटत होती.

पंगत उशिरा बसली. जबलपूरच्या साहेबांनी ज्वारीची भाकरी हातात धरून आधी नीट पाहिली, कागद वाचावा तशी. मग श्रीखंडात बुडवून खाल्ली. ठेचा चाखला आणि डोळ्यांतून पाणी काढत पाणी मागितलं. वाईट माणूस नव्हता, पण त्याचं मन गाडीच्या वेळेकडं होतं. वकीलसाहेबांनी भाषण केलं. त्यात पुरी नसल्याबद्दल माफी होती आणि पुन्हा लहानसा भारत होता. वाढता वाढता माझ्या हातातलं वरणाचं भांडं तापलेलं होतं, आणि ते त्यांच्या उपरण्यावर उपडं करावं असं मला खरोखर वाटलं. केलं नाही. उपरणं नवं होतं आणि वरण मोजकं.

जबलपूरचे साहेब स्टेशनवर गेले. वकील मंडळी पंगतीसाठी पुढं घातलेल्या मांडवात पान लावत बसली. आता कामाच्या माणसांची जेवणं. मी बाकावर दोन ताटं मांडली. एक चाचाचं, एक तिचं. भाकरी, वांग्याची भाजी, वरण, आणि वाटीत श्रीखंड. पातेल्यातलं, पंगतीतलं उरलेलं नाही. तिला हाक मारली. तिनं हातपाय धुतले, पदर नीट केला आणि पुढच्या बाजूनं येऊन बाकाच्या टोकाला बसली.

मांडवातल्या माना तिच्याकडं वळल्या.

चाचानं सवयीनं खिळ्यावरचा कप काढला आणि चहा ओतायला लागला. ती मान न उचलता म्हणाली, "चाचा, तो नको. ज्याच्यात वकील पितात, तो द्या."

चाचाचा हात थांबला. त्यानं मांडवाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग खिळ्यावरचा कप उपडा ठेवला, काचेचा ग्लास घेतला आणि भरून तिच्यापुढं ठेवला. "लो बाई," तो म्हणाला. "आज गाहक वैसे भी उठ के जारे."

खरंच मांडवातले दोघे वकील उठले. वकीलसाहेब मला बाजूला घेऊन गेले. आवाज अगदी मऊ. "काकू, मी काही जुन्या मताचा नाही. तुम्हाला माहीत आहे. पण नवे साहेब पहिल्यांदाच आलेत. तिला मागं बसवा. ताट द्या, हवं तर दोन द्या, पण मागं."

"तिला बाक सांगितलाय."

"मग जागेचं मला सांगता येणार नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आमची शिफारस नाही. उद्या इथं चूल पेटली तर शिपाई येऊन विझवतील. मी आडवा येऊ शकणार नाही."

नवे साहेब चार हातांवर हात धूत होते. त्यांनी सगळं पाहिलं आणि ऐकलं. मग ते बराच वेळ हात धूत राहिले.

"साहेब," मी वकीलसाहेबांना म्हटलं, "असा वेगळा कप ठेवणं गुन्हा आहे ना? तुम्हीच जेवताना सांगत होता. तक्रार लिहायची म्हटली तर कुणाकडं जाऊ?"

ते हसले. त्या हसण्याचा मला आजही राग आहे. वाशीमच्या कचेरीत वकिलांविरुद्ध तक्रार लिहायला वकीलच लागणार, हे त्यांना माझ्याआधी समजलं होतं.

मी मागं वळून बाकाकडं पाहिलं. ती खाली मान घालून जेवत होती. घाई नव्हती, सावकाशी नव्हती. श्रीखंडाची वाटी तिनं शेवटी घेतली. एवढी जागा, एवढी वर्षं, आणि त्याच्या बदल्यात एका बाईचं जेवण. महाग की स्वस्त, हा विचार मी केला नाही असं नाही. केला. पण शब्द दिला होता, डाळ तिच्या लाकडावर शिजली होती, आणि जे लोक त्या डाळीचे ढेकर देत होते त्यांनी मला तिला उठवायला सांगावं, हे मला सोसण्यासारखं नव्हतं.

"तिचं जेवण होऊ द्या," मी म्हटलं. "मग तुमचं आवार तुम्हाला."

संध्याकाळी भांडी घासताना भाकरीवाली माझ्याशी बोलत नव्हती. बऱ्याच वेळानं परात आपटून म्हणाली, "आता जाचं कुठी?"

"तुझ्या दिराच्या मळ्याची कड रस्त्याला लागते ना?"

"लागते. पण तो म्हणन, हे पण येईन का?" तिनं हनुवटीनं अंगणाकडं दाखवलं.

"येईल. लाकूड कोण फोडणार? तू?"

तिनं परात पालथी घातली. मग म्हणाली, "त्याले मी सांगतो. वांगे रोज आपल्यालेच घ्या लागतीन पण."

सोमवारी सकाळी मी स्वतः चूल उकरली. चांगल्या विटा निवडून काढल्या, फुटक्या तिथंच टाकल्या. खांबातला खिळा उपटून घेतला, लोखंड वाया का घालवायचं? पातेली, परात, घंटा, चाचाची शेगडी, सगळं हातगाडीवर रचलं. चाचा बाक डोक्यावर घेऊन पुढं गेला. हातगाडीचा एक दांडा भाकरीवालीनं धरला, दुसरा लाकूड फोडणारीनं. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि मध्ये हातभर अंतर ठेवून चालत होत्या. मी मागून पातेली धरली. आवाराच्या फाटकाशी आल्यावर म्हटलं, "पुढं खड्डा आहे, डावीकडून घ्या." दोघींनी गाडी डावीकडून घेतली.